व्हिनाइलचा परग्रहवासी: ठाण्याच्या हवेत किट जोडताना आणि रंगवताना

मऊ व्हिनाइलच्या किटमधला, म्हणजे सुटे भाग घरी जोडून रंगवायच्या मूर्तीच्या संचातला, पहिला पाय हातात घेतला, की तो एखाद्या प्राण्याचा पाय कमी आणि कापून ठेवलेल्या गमबुटाचा तुकडा अधिक वाटतो. बाहेरून शिरा, सुरकुत्या, नख्या असे सारे कोरलेले असते. आतून मात्र तो पोकळ असतो, दाबला तर किंचित दबतो आणि मांडीच्या तोंडाशी त्याला जाडसर कॉलर असते. कडक प्लास्टिकची विमाने आणि रणगाडे जोडून ज्यांचा हात बसला आहे, त्यांना इथे आपल्या निम्म्या सवयी बाजूला ठेवाव्या लागतात, कारण गोंद वेगळा, कापण्याची रीत वेगळी आणि रंगही वेगळा. मी ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगतच्या एका इमारतीत, काचा लावून बंद केलेल्या बाल्कनीत ही कामे करतो. पाच-सहा किट बिघडवल्यानंतर माझे मत असे झाले आहे की व्हिनाइलचे सारे गणित उष्णतेचे असते आणि आपल्याकडे त्यात दमट हवेची भर पडते.

हे साहित्य असे का वागते, ते ठाऊक असले तर पुढच्या बऱ्याच चुका टळतात. पीव्हीसीची बारीक भुकटी आणि तिला मऊ ठेवणारे तेलकट द्रव्य, म्हणजे प्लास्टिसायझर, यांचे पातळ मिश्रण धातूच्या पोकळ साच्यात ओततात. साचा तापला की भिंतीला लागलेला थर घट्ट होतो, आतले उरलेले मिश्रण ओतून टाकतात आणि भाग गरम व लवचिक असतानाच साच्याच्या तोंडातून ओढून काढतात. कॉलर ही त्या तोंडापाशी उरलेली जादा कड असते. भाग वाकवून काढता येत असल्यामुळे खोल कोरीवकामही एकाच तुकड्यात उतरते आणि हातभर उंचीचा राक्षससुद्धा आठ-दहा भागांत पुरा होतो. जपानमध्ये या प्रकाराला सोफुबी म्हणतात. १९५४ साली पडद्यावर आलेल्या गॉडझिलाच्या कुळातील प्राण्यांची खेळणी याच रीतीने बनत आली आणि ओसाकाजवळच्या मोरिगुचीत १९६४ साली मॉडेलचे दुकान म्हणून सुरू झालेल्या कायोदोसारख्यांनी मोठ्या माणसांसाठी बारकाव्यांची किट काढली.

खोके उघडल्यावर भाग मोजावेत आणि लगेच धुवावेत. साच्यातून काढताना वापरलेल्या द्रव्याचा अंश आणि व्हिनाइलमधून वर आलेला तेलकटपणा पृष्ठभागावर असतो, व त्यावर रंग धरत नाही. कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि जुना टूथब्रश एवढे पुरते. भाग उपडे ठेवून आतले पाणी निथळू द्यावे. पावसाळ्यात बंद पोकळीत राहिलेले पाणी महिनाभरही सुकत नाही आणि पुढे रंगाखालून एखाद्या फटीतून डोकावते.

कॉलर कापणे हे या छंदातले पहिले खरे काम आहे, आणि ते थंड व्हिनाइलवर कधीही करू नये. थंड व्हिनाइल पाते अडवते, माणूस जोर लावतो, आणि मग पाते एकदम सुटून कोरीवकामात किंवा अंगठ्यात शिरते. पाणी उकळून दोन मिनिटे खाली ठेवावे, त्यात भागाचे तोंड अर्धा-एक मिनिट बुडवावे आणि जाड कापडात धरून बाहेर काढावे. एकच कड मऊ करायची असेल तर हेअर ड्रायरही चालतो. गरम व्हिनाइल नव्या धारदार पात्याने ताज्या पनीरसारखे कापले जाते. पाते स्वतःपासून दूर आणि भागाच्या आतल्या बाजूला कलते ठेवून, एका दमात न ओढता छोट्या छोट्या टप्प्यांनी फिरवावे. व्हिनाइल पुन्हा घट्ट झाल्याचे हाताला कळते, त्या क्षणी थांबून भाग पुन्हा पाण्यात धरावा. कापण्याआधी मात्र हे नीट पाहावे, की कोणती कड टाकायची आहे आणि कोणती दुसऱ्या भागाच्या आत शिरणारी आहे. दंडाच्या वरच्या टोकाला बहुधा एक खाच आणि त्यापुढे रुंद ओठ असतो. तो खांद्याच्या भोकात अडकण्यासाठीच ठेवलेला असतो. माझ्या पहिल्या किटमध्ये मी तोही उत्साहाने कापून टाकला आणि त्या प्राण्याचा डावा हात आजतागायत केवळ पुटीच्या जिवावर लटकतो आहे. कापलेल्या पट्ट्या फेकू नयेत. पुढे रंग, गोंद आणि वॉर्निश यांची परीक्षा घेण्यासाठी त्याच व्हिनाइलचे तुकडे दुसरीकडे कुठेच मिळणार नाहीत.

लांबच्या प्रवासात भाग दबलेले, शेपटी वाकलेली, पावले आत वळलेली असतात. याला औषध पुन्हा गरम पाण्याचेच. भाग मऊ झाला की पुष्कळदा तो आपोआप साच्यातल्या मूळ आकाराकडे परततो. नाही परतला तर हाताने बसवून तसाच धरून थंड पाण्याच्या बादलीत बुडवावा. थंड होण्याआधी सोडला, तर केलेले काम वाया जाते. पावले सपाट करण्यासाठी ती गरम असताना फरशीवर दाबून धरावीत आणि वरून थंड पाणी ओतावे.

यानंतर सारे भाग मास्किंग टेपने जोडून मूर्ती एकदा उभी करून पाहावी आणि कुठे फट राहते, कुठे कड घासते ते पेन्सिलीने टिपून ठेवावे. या टप्प्यावर घाई केली तर तिचा दंड पुढे पुटीत भरावा लागतो.

पाय भरणे ही पायरी अनेक जण गाळतात, आणि ठाणे, नवी मुंबईसारख्या ठिकाणी ती गाळणे महागात पडते. पोकळ व्हिनाइल सततच्या भाराखाली हळूहळू झुकते, आणि एप्रिल-मे महिन्यांत पश्चिमेच्या खिडकीपाशी तर ते आठवड्याभरात गुडघे टेकते. माझ्या कपाटावरचा सुमारे तीस सेंटिमीटर उंचीचा, म्हणजे माणसाच्या एक-षष्ठांश मापाचा एक अंतराळवीर असाच एका उन्हाळ्यात, आम्ही चार दिवस गावी गेलो असताना, नमस्कार घातल्यासारखा पुढे वाकला होता. यावर स्वस्त उपाय पीओपीचा आहे. हाताने वाकेल इतकी ॲल्युमिनियमची जाड तार घोट्यापासून कमरेपर्यंत घालावी आणि पीओपी दह्याइतके सैल कालवून तीन-चार हप्त्यांत ओतावे. पीओपी घट्ट होताना स्वतः तापते आणि एकदम भरलेला मोठा गोळा पातळ भिंतीला आतून फुगवू शकतो. म्हणून पाय थंड पाण्याच्या भांड्यात उभा ठेवूनच ओतावे. पावलात ओतण्याआधी तळव्यातून एक लांब बोल्ट, टोक बाहेर राहील असा, बसवून घ्यावा. पुढे मूर्ती फळीवर उभी करायला तो लागतो. भरलेले पाय तोंड उघडे ठेवून किमान आठवडाभर आणि पावसाळ्यात त्याहून बरेच अधिक दिवस सुकू द्यावेत. उरलेले पीओपी मोरीत ओतू नये; प्लास्टिकच्या मगातच कडक होऊ द्यावे, नंतर तो जरा मुरगळला की ते सुटून येते. धड आणि डोके पोकळच ठेवावे, नाहीतर भार वर जाऊन मूर्ती तोल सोडते.

जोडण्यासाठी कडक प्लास्टिकच्या मॉडेलचा गोंद इथे निरुपयोगी आहे, कारण तो पॉलिस्टायरिन, म्हणजे त्या मॉडेलचे कडक प्लास्टिक, विरघळवून जोडतो. व्हिनाइलला फेविक्विकच्या जातीचा, म्हणजे सायनोॲक्रिलेट गोंद लागतो. शक्य तर त्याचा दाट प्रकार घ्यावा, कारण पातळ गोंद सांध्यातून वाहत जाऊन बाहेरच्या खवल्यांवर चकाकणारा डाग पाडतो. हा गोंद हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होतो. त्यामुळे जुलै महिन्यात भाग बसवायला हिवाळ्यापेक्षा कमी सवड मिळते आणि सांध्याभोवती पांढरट धुके अधिक धरते. पंखा लावून वाफ बाहेर काढली तर ते कमी होते. सांध्याची कड किंचित गरम करून भाग आत ढकलावा, जागा बरोबर आहे याची खात्री करावी आणि मगच फटीत गोंदाचे थेंब सोडावेत. भारी शेपटी किंवा पंख असेल तर बाहेरून सायनोॲक्रिलेटने टाचून आतून अराल्डाइटचा लेप द्यावा. तो सावकाश वाळतो, पण आघात सोसतो.

फटी भरण्यासाठी परदेशी पुटी मागवण्याची गरज नाही, जांभळी नाक्यावर किंवा वाशीच्या कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे एम-सील पुरेसे आहे. दोन्ही भाग रंग एकसारखा होईपर्यंत, हातमोजे घालून मळावेत आणि त्याची बारीक वळी करून सांध्यात दाबावी. ओल्या बोटाने कडा पातळ करत न्याव्यात. इथेच एक गोष्ट लक्षात घ्यावी: वाळलेली पुटी व्हिनाइलपेक्षा कितीतरी कडक असते. दोन्हींवर एकदम पॉलिश पेपर फिरवला, तर पुटी तशीच राहते आणि भोवतालचे व्हिनाइल मात्र झिजते, शिवाय त्यावर बारीक लव उठते. म्हणून जे सपाट करायचे ते पुटी ओली असतानाच करावे. घासायची वेळ आलीच तर वॉटर पेपर पाण्यात भिजवून, हलक्या हाताने आणि फक्त पुटीपुरता वापरावा. सांध्यावरून जाणारी कातडीची नक्षीही ओल्या पुटीतच उठवावी लागते. त्यासाठी मी शरीराच्या दुसऱ्या ठिकाणच्या खवल्यांवर थोडे तेल लावून एम-सीलचा छोटा गोळा दाबतो आणि तो कडक झाला की त्याचाच शिक्का म्हणून उपयोग करतो. सांध्यावरच्या ओल्या पुटीवर तो पाण्यात बुडवून ठसवला की नक्षी जुळते. तेल लावलेली जागा नंतर साबणाने धुवायला विसरू नये. सुरकुत्यांना टूथपिक आणि नख्यांच्या मुळांना बोथट सुई पुरते.

रंगाच्या बाबतीत मी सर्वांत मोठी चूक केली आणि ती बहुतेक नवशिके करतात. घरात उरलेला एनॅमल रंग मी एका प्राण्याच्या पाठीवर लावला. तो आठ दिवसांत वाळला नाही, महिन्यात वाळला नाही आणि दिवाळीच्या साफसफाईत उडालेली सारी धूळ व कापसाचे तंतू त्याने पाठीवर धरून ठेवले. दोष रंगाचा नव्हता. व्हिनाइलमधले प्लास्टिसायझर हळूहळू पृष्ठभागाकडे येते आणि एनॅमलसारख्या तेलकट रंगात मिसळून त्याला कायम चिकट ठेवते. डब्यातले काही स्प्रेही असेच फसवतात. पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग मात्र व्हिनाइलवर चांगले बसतात आणि थोडे लवचिक असल्याने तडकत नाहीत. व्हॅलेहो किंवा तामियाच्या बाटल्या मिळाल्या तर उत्तम. पण नौपाड्यातल्या स्टेशनरीच्या दुकानात मिळणाऱ्या कॅमलच्या आणि फेविक्रिलच्या ॲक्रिलिकवरही माझी तीन किट सुखाने पुरी झाली आहेत. कोणताही नवा रंग आधी कापलेल्या कॉलरच्या पट्टीवर लावून आठवडाभर ठेवावा आणि मग नखाने ओरखडून पाहावा. रंगवण्याआधी मूर्ती पुन्हा एकदा साबणाने धुवावी आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलकेच पुसावी. थिनर किंवा ॲसिटोन लावल्यास व्हिनाइल स्वतःच मऊ पडते.

परग्रहवासी कोणत्या रंगाचा असावा, हा प्रश्न विचारला जातो तेव्हा मी लोकांना खाडीकडे पाठवतो. ठाणे खाडीच्या तिवरांत ओहोटीच्या वेळी चिखलावर उड्या मारणारी निवटी पाहावी. तिचे डोळे डोक्याच्या वर, पाठ ओल्या चिखलासारखी तपकिरी-हिरवट, पोट फिके, अंगावर ठिपके, आणि सगळ्यावर ओलसर चकाकी. पाठ गडद आणि पोट फिके ही योजना मासे, बेडूक, सरडे अशा असंख्य प्राण्यांत आढळते, कारण वरून पडणारा उजेड तिच्यामुळे समतोल दिसतो आणि प्राणी भोवतालात लपतो. कल्पनेतल्या प्राण्यालाही ती दिली, की पाहणाऱ्याच्या डोळ्याला तो जिवंत वाटू लागतो. किटच्या खोक्यावरचा रंग तसाच्या तसा उतरवण्यात मला तरी काही गंमत वाटत नाही.

पहिला हात सपाट काळा देऊ नये; गडद तपकिरीत थोडा जांभळा मिसळून तो सर्वांगाला द्यावा, म्हणजे खाचांतली सावली मेलेली दिसत नाही. त्यावर मधला रंग, खोल खाचा सोडून, आणि त्यावर आणखी फिका रंग फक्त उंचवट्यांवर. एअरब्रश, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणारे पेनसारखे अवजार, असेल तर ०.३ मिलिमीटरचा नोझल, पंधरा-वीस पीएसआय दाब आणि दुधाइतका पातळ रंग यांवर बहुतेक काम होते. कॉम्प्रेसरला पाणी अडवणारी वाटी असलीच पाहिजे. आपल्याकडच्या हवेत तिच्यात तासाभराच्या कामानंतर पाणी साचलेले दिसते, आणि ती नसेल तर तेच पाणी थेंब होऊन मूर्तीच्या चेहऱ्यावर पडते. एअरब्रश नसेल तरी अडत नाही. पातळ केलेल्या रंगाचे पाच-सहा हात ब्रशने दिले आणि प्रत्येक हात पुरता वाळू दिला, तर कातडीला जी खोली येते ती कधीकधी एअरब्रशपेक्षाही सरस असते. नंतर पाण्यासारखा पातळ गडद तपकिरी रंग अंगभर सोडून उंचवट्यांवरचा ओल्या ब्रशने टिपून घ्यावा, म्हणजे प्रत्येक सुरकुती उठून येते. शेवटी जवळजवळ कोरडा, कागदावर पुसून घेतलेला ब्रश फिक्या रंगासह खवल्यांच्या टोकांवरून फिरवावा. हा शेवटचा उपचार मिठासारखा वापरावा. चंदेरी रंगाने केलेला तर सगळ्या प्राण्याला पत्र्याचा करून टाकतो.

अंतराळवीराचा पोशाख रंगवायचा असेल तर शुद्ध पांढरा टाळावा. अपोलो मोहिमांतले पांढरे पोशाख चंद्रावरच्या धुळीने पायांपासून वर राखाडी होत गेले होते. तोच चढता मळकटपणा ब्रशने थोपटून आणला की कल्पित ग्रहावरचा माणूसही खरोखर कुठेतरी चालून आल्यासारखा वाटतो. त्यांच्या शिरस्त्राणाच्या काचेवर सोन्याचा पातळ मुलामा होता. तसा परिणाम हवा असेल तर चकचकीत काळ्यावर सोनेरी रंगाचा अगदी पातळ हात आणि त्यावर नारिंगी छटेचे पारदर्शक वॉर्निश द्यावे.

डोळ्यांसाठी मी कळव्यातल्या एका गणपतीच्या कारखान्यात दोन दुपारी नुसता बसलो होतो. तिथे डोळे काढण्याला आखणी म्हणतात आणि ती सर्वांत अनुभवी हाताकडेच असते. मूर्तिकारांनी माझ्या हातातले रबरी डोके उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाले, “दादा, एक डोळा पुरा करून दुसऱ्याकडे जाऊ नका. दोन्हींची वरची कड आधी मारा, मग दोन्हींची बुबुळे.” त्यांचा हात कोपरापासून टेकलेला होता, करंगळी मूर्तीच्या गालावर होती, आणि ते रेघ ओढताना श्वास रोखत नव्हते, तर सावकाश सोडत होते. तेव्हापासून मी त्याच क्रमाने जातो: मळकट पांढरा, दोन्ही वरच्या कडा, दोन्ही बुबुळे, दोन्ही बाहुल्या आणि एकाच दिशेला प्रकाशाचा एकेक ठिपका. सारे वाळल्यावर डोळ्यांवर आणि जबड्याच्या आत चकचकीत वॉर्निशचा थेंब सोडतो.

अंगावर मॅट वॉर्निश द्यायचे ते मात्र मुहूर्त पाहून. स्प्रेमधले द्रव्य उडून जाताना पृष्ठभाग थंड होतो, दमट हवेतले पाणी त्यावर धरते आणि महिनाभराच्या कामावर पांढरी बुरशी आल्यासारखा पडदा चढतो. जून ते सप्टेंबर मी स्प्रेला हात लावत नाही. पाण्याचे वॉर्निश ब्रशने देतो, किंवा मूर्ती झाकून ठेवून नोव्हेंबरची वाट पाहतो. स्प्रे करताना वाफ शोषणारी गाळणी बसवलेला मुखवटा हवा. साधा एन-९५ धुळीला अडवतो, वाफेला नाही.

फळीसाठी सागाचा किंवा प्लायचा तुकडा घ्यावा. थर्माकोलवर मूर्ती थेट उभी करू नये, तसेच कडक प्लास्टिकच्या मॉडेलला चिकटूनही ठेवू नये. व्हिनाइलमधून झिरपणारे प्लास्टिसायझर दोन्हींना हळूहळू खाते आणि काही महिन्यांत तिथे पावलांचे खड्डे पडतात. फळीला भोक पाडून तळव्यातला बोल्ट खालून वॉशर आणि नट लावून आवळावा, पण सगळा जोर लावू नये, कारण व्हिनाइल दबते आणि घोटा तिरपा होतो. जागा उन्हापासून आणि एसीच्या बाहेरच्या यंत्राच्या गरम झोतापासून दूर निवडावी. पहिल्या उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी गुडघे मागून पाहावेत. किंचित कल दिसला, तर हेअर ड्रायरची ऊब दुरून आणि जरा जपून द्यावी, पाय सरळ धरावा आणि थंड पाण्यात पिळलेले फडके त्यावर पाच मिनिटे गुंडाळून ठेवावे.